कंपनी वाढली, पण रांगेत तुमचा नंबर कितवा?



ब्रह्माघाटावर राहणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या वाराणसीच्या शाखेत नेहमी येतात. एकदा ते पाच लाखांची मुदत ठेव मोडायला आले. हातात एक हिंदी पत्रक होते. रुग्णालयांना परिचारिका, वॉर्डबॉय आणि तंत्रज्ञ पुरवणाऱ्या एका संस्थेचे ते पत्रक होते. "महिना दीड टक्का, दर महिन्याला खात्यात," असे त्यावर छापले होते. मी म्हटले, "काका, जरा थांबा, आपण बोलू." ते म्हणाले, "अगं, दवाखाने काय बंद पडणार आहेत? दोन वर्षांत त्यांची माणसं शंभरावरून पाचशेवर गेली. वाढती कंपनी आहे."

तासभर बोलल्यावर ठेव मोडायची राहिली. पण निघताना त्यांनी सांगितले की याच संस्थेला त्यांनी चार महिन्यांपूर्वी एक लाख रुपये दिले होते. तो चेक आमच्याच शाखेतून, माझ्याच टेबलावरून पास झाला होता. तेव्हा मी काही विचारले नव्हते. पुढे दोन महिने व्याज आले आणि मग थांबले. काकूंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेला तो एक लाख अजून परत आलेला नाही.

चेक पास करण्यापूर्वी काकांशी जे बोलायला हवे होते, ते या पाठात लिहिले आहे.

या पाठात काय शिकाल

• माणसे पुरवणाऱ्या धंद्यात पैसा कुठे अडकतो
• अमेरिकेतली एक मोठी वैद्यकीय मनुष्यबळ कंपनी कशी वाढली आणि कशी अडकली
• कंपनी अडचणीत आली की कोणाला आधी पैसे मिळतात
• पैसे देण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१. आधी धंदा समजून घेऊ

रुग्णालयाला परिचारिका हवी असते, पण तिला स्वतःच्या पगारपत्रकावर घ्यायचे नसते. मग एक मध्यस्थ कंपनी तिला नोकरीवर ठेवते, रुग्णालयात पाठवते आणि पगारावर आपले कमिशन लावून रुग्णालयाला बिल देते. ऐकायला धंदा सोपा आहे. यंत्रे नाहीत, गोदाम नाही, माल खराब होण्याची भीती नाही.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. मानू या, कंपनीकडे १०० परिचारिका आहेत आणि प्रत्येकीचा पगार २०,००० रुपये. महिन्याचा पगार झाला २० लाख. कमिशन १० टक्के, म्हणजे २ लाख. पगार दर महिन्याला द्यावाच लागतो, रुग्णालय मात्र बिलाचे पैसे तीन महिन्यांनी देते. म्हणजे कंपनीचे ६० लाख रुपये कायम बाहेर अडकलेले.

कंपनी वाढली आणि परिचारिका ५०० झाल्या. पगार महिन्याला १ कोटी, कमिशन १० लाख, आणि बाहेर अडकलेली रक्कम ३ कोटी. हे ३ कोटी आणायचे कुठून? तुमच्या-आमच्याकडून १८ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचे व्याज साडेचार लाख. तरीही कमिशनातून साडेपाच लाख उरतात.

पण रुग्णालयाने तीन महिन्यांऐवजी सहा महिने लावले तर? अडकलेली रक्कम ६ कोटी आणि व्याज महिन्याला ९ लाख. दहा लाखांच्या कमिशनातून उरला एक लाख, आणि त्यात कार्यालयाचे भाडे व इतर सगळे खर्च. कंपनी कागदावर पाचपट वाढली, तिजोरीत मात्र खडखडाट. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे आपल्याकडे म्हणतातच.

इथे कोणी चोरी केलेली नाही. फक्त पैसे यायला उशीर झाला. म्हणून "कंपनी किती वाढली?" या प्रश्नाच्या आधी "ती कोणाच्या पैशावर वाढली?" हे विचारायचे.

२. एन्व्हिजन: पन्नास वर्षांची वाढ

काका म्हणाले होते की दवाखाने बंद पडणार नाहीत. ते खरेच आहे. पण दवाखाने चालू असताना त्यांना डॉक्टर पुरवणारी कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊ शकते. अमेरिकेतल्या एन्व्हिजन हेल्थकेअर या कंपनीच्या बाबतीत असेच झाले.

तिचे मूळ एमकेअर या कंपनीत आहे. १९७२ मध्ये डॅलस शहरात ती सुरू झाली. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागासाठी डॉक्टर पुरवणे हे तिचे काम. पुढे ती रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीबरोबर एका छत्राखाली आली. २०१३ मध्ये एन्व्हिजन या नावाने तिचे शेअर बाजारात आले. डिसेंबर २०१६ मध्ये एका दिवसात होणाऱ्या शस्त्रक्रियांची केंद्रे चालवणारी ॲमसर्ग ही कंपनी तिच्यात विलीन झाली. भूलतज्ज्ञ, क्ष-किरण तज्ज्ञ, नवजात बालकांचे डॉक्टर असे अनेक विभाग तिच्याकडे आले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केकेआर या गुंतवणूक संस्थेने ही कंपनी विकत घेतली. कर्ज धरून व्यवहार सुमारे ९.९ अब्ज डॉलरचा होता. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा खरेदीत किमतीचा मोठा भाग कर्जातून उभा राहतो आणि ते कर्ज खरेदीदाराच्या नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीच्या डोक्यावर बसते. त्याचे व्याज मग रोजच्या बिलांच्या वसुलीतून द्यायचे असते.

३. कायद्याचा पेच कुठे पडला

आपल्याकडे आरोग्य विम्यात कॅशलेस रुग्णालयांची यादी असते. अमेरिकेतही विमा कंपनीशी दर ठरवलेली रुग्णालये असतात. रुग्ण यादीतल्या रुग्णालयात जायचा. पण तातडीच्या विभागातला डॉक्टर मनुष्यबळ कंपनीचा असायचा आणि त्या कंपनीचा विमा कंपनीशी करार नसायचा. मग काही दिवसांनी रुग्णाच्या घरी डॉक्टरचे वेगळे आणि मोठे बिल यायचे. अपघातात सापडलेला माणूस स्ट्रेचरवरून डॉक्टरला "तुम्ही यादीत आहात का?" असे विचारणार आहे का?

जुलै २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला. एमकेअरने एखाद्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग हाती घेतला की अशा यादीबाहेरच्या बिलांचे प्रमाण खूप वाढते, असे त्यांना आढळले. कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पण कंपनीचे उत्पन्न नेमके कशावर उभे आहे, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला.

त्यानंतर एकेक प्रकरण समोर आले.

• कमी निकालांनंतर नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या दिवशी शेअर सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. बिलांच्या पद्धतीबद्दल आपल्याला खरे सांगितले नाही, असा दावा भागधारकांनी न्यायालयात केला. तो पुढे १७ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटवला गेला.

• डिसेंबर २०१७ मध्ये एमकेअरवरील एक आरोप मिटवण्यासाठी एन्व्हिजनने सरकारला सुमारे ३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. गरज नसताना रुग्णांना दाखल करून घेण्यासाठी एका रुग्णालय साखळीकडून एमकेअरला मोबदला मिळाला, असा तो आरोप होता. काळ होता २००८ ते २०१२.

• २०२१ च्या सुरुवातीपासून युनायटेडहेल्थकेअर या बड्या विमा कंपनीबरोबरचा करार संपला. पुढे दोघींनी एकमेकींवर दावे लावले.

• डिसेंबर २०२१ मध्ये डॉक्टरांच्याच एका संघटनेशी जोडलेल्या गटाने कॅलिफोर्नियात दावा केला. डॉक्टर नसलेल्या कंपनीने डॉक्टरी व्यवसायावर ताबा ठेवणे तिथल्या कायद्यात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

सगळ्यात मोठा फटका मात्र खटल्याचा नव्हता, नव्या कायद्याचा होता. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत अनपेक्षित बिलांवर बंदी आली. यादीबाहेरचे तातडीचे बिल रुग्णाला पाठवता येईना. डॉक्टर पुरवणारी कंपनी आणि विमा कंपनी यांनी आपसात ठरवायचे, नाही जमले तर लवादाकडे जायचे. लवादाचा निर्णय यायला वेळ लागतो. त्याआधी २०२० मध्ये करोनामुळे लांबणीवर टाकता येणाऱ्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या आणि उत्पन्न घटले होते. डॉक्टरांचे पगार आणि कर्जाचे व्याज यांना मात्र थांबता येत नव्हते.

गंमत पाहा. मे २०२३ मध्ये लवादाने युनायटेडहेल्थकेअरविरुद्ध एन्व्हिजनच्या बाजूने निकाल दिला. रक्कम ९ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास. त्याच महिन्याच्या १५ तारखेला एन्व्हिजनने दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. कर्ज होते सात अब्ज डॉलरहून अधिक. खटला जिंकूनही ती वाचली नाही, कारण जिंकलेली रक्कम कर्जापुढे फारच लहान होती.

४. रांगेत कोण पुढे, कोण मागे

हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

एन्व्हिजन बंद पडली नाही. डॉक्टर कामावर येत राहिले, रुग्णांवर उपचार होत राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती न्यायालयाच्या प्रक्रियेतून बाहेर आली. कर्जाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग उतरला. ॲमसर्ग वेगळी झाली. कंपन्यांची मालकी कर्ज देणाऱ्यांकडे गेली आणि केकेआरची भागभांडवलातली गुंतवणूक बुडाली. केकेआरकडे वकील, हिशेबतज्ज्ञ, सल्लागार सगळे होते. तरीही मालक म्हणून ती रांगेत शेवटी उभी होती.

म्हणजेच कंपनी वाचली, याचा अर्थ तुमचे पैसे वाचले असा होत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ही रांग कलम ५३ मध्ये लिहिलेली आहे. कंपनी मोडीत निघाली तर साधारण क्रम असा:

१. प्रक्रियेचा खर्च
२. कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे आणि तारण असलेले, पण ते तारण सामायिक निधीत सोडून देणारे धनको (दोघे एका पायरीवर)
३. इतर कर्मचाऱ्यांचे मागील १२ महिन्यांचे पगार
४. तारण नसलेले वित्तीय धनको
५. सरकारची ठरावीक देणी आणि तारण विकूनही न फिटलेली बाकी
६. उरलेली इतर देणी
७. अग्रहक्क भागधारक
८. सामान्य भागधारक

तुम्ही कंपनीत बिनतारण मुदत ठेव ठेवली असेल तर तुम्ही चौथ्या पायरीवर आहात. शेअर घेतला असेल तर आठव्या. बँकेने कंपनीची येणी तारण घेतलेली असतील तर ती तुमच्या पुढे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

विश्वनाथाच्या दर्शनाची रांग कितीही लांब असली तरी उभा राहिलेला माणूस शेवटी दर्शन घेऊनच बाहेर पडतो. दिवाळखोरीच्या रांगेत तशी हमी नाही. पुढच्यांचे भागेपर्यंत पैसे संपले तर मागच्यांनी रिकाम्या हाताने घरी जायचे.

मग बँकेतल्या ठेवीचे काय? बँक अडचणीत आली तर प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा संरक्षण आहे. हा विमा डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची संस्था देते. कंपनीतल्या ठेवीला, शेअरला किंवा ओळखीच्या संस्थेला दिलेल्या पैशाला हे संरक्षण नाही.

५. लपवलेले कर्ज: एनएमसीचे उदाहरण

एन्व्हिजनचे कर्ज सगळ्यांना दिसत होते. कधी कधी ते दिसतही नाही. एनएमसी हेल्थ ही अबुधाबीची रुग्णालय कंपनी कर्नाटकातील उडुपीच्या एका उद्योजकाने १९७५ मध्ये सुरू केली. २०१२ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारात गेली आणि पुढे तिथल्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातही पोहोचली. डिसेंबर २०१९ मध्ये एका अमेरिकी संशोधन संस्थेने तिच्या हिशेबांवर शंका घेतली. काही महिन्यांत कर्जाचा आकडा ६.६ अब्ज डॉलरवर गेला. आधी गुंतवणूकदारांना सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो तिपटीहून जास्त होता. एप्रिल २०२० मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाजार नियामकाने दिशाभूल केल्याबद्दल कंपनीवर जाहीर ठपका ठेवला.

रुग्णालये चालू होती, खाटा भरलेल्या होत्या, निर्देशांकात नाव होते. ताळेबंद खरा होता का, हे त्यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नव्हते. म्हणून आपली सगळी बचत एका कंपनीत कधीच ठेवू नये, ती कितीही नावाजलेली असो.

६. पैसे देण्यापूर्वीचे पाच प्रश्न

पहिला: पैसे घेण्याची परवानगी आहे का? नियमनाबाहेरच्या ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. खाजगी मर्यादित कंपनीला जनतेकडून ठेवी घेता येत नाहीत. जनतेकडून ठेवी घेणाऱ्या सार्वजनिक कंपनीची नक्त मालमत्ता किमान १०० कोटी किंवा उलाढाल किमान ५०० कोटी असावी लागते आणि पतमानांकनही लागते. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर संस्थेचे नाव तपासा. तक्रारही तिथेच करता येते.

दुसरा: व्याज इतके जास्त का? कंपनी किंवा बिगरबँक वित्त कंपनी ठेवीवर वर्षाला कमाल १२.५ टक्के व्याज देऊ शकते. महिना दीड टक्का म्हणजे वर्षाला १८. काकांच्या पत्रकातली ही एकच ओळ पुरेशी होती.

तिसरा: पैसा हातात किती येतो? नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचे विवरण असते. नफा दरवर्षी वाढतो, पण धंद्यातून येणारी रोकड दरवर्षी वजा दिसते, तर पहिल्या भागातला परिचारिकांचा हिशेब आठवा. येणे रक्कम उलाढालीपेक्षा वेगाने वाढते का, तेही पाहा.

चौथा: खटले कोणते आणि किती रकमेचे? शेअर विक्रीच्या माहितीपत्रकात जोखमींचे आणि प्रलंबित खटल्यांचे स्वतंत्र प्रकरण असते. वार्षिक अहवालात "आकस्मिक देणी" ही टीप असते. निकाल विरुद्ध गेला तर किती द्यावे लागेल, ते त्यावरून कळते. ती रक्कम एका वर्षाच्या नफ्याशी ताडून पाहा. माणसे पुरवणाऱ्या कंपनीत भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी आणि कंत्राटी कामगारांचे दावे आवर्जून शोधा. एखादा खटला असला म्हणजे कंपनी वाईट ठरत नाही. पण एकाच प्रकारचे खटले पुन्हा पुन्हा दिसले तर तो त्या धंद्याचा स्वभाव समजावा. आणि कोणता एक नियम बदलला तर हिचे उत्पन्न आटेल, हेही स्वतःला विचारा. एन्व्हिजनला याच प्रश्नाने गाठले.

पाचवा: माझा नंबर कितवा? मी ठेवीदार आहे, रोखेधारक आहे की भागधारक? माझ्या पुढे कोण आहे? कंपनीने बँकेकडे काय तारण ठेवले आहे, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत पाहता येते. ते जमत नसेल तर पावती घेऊन आमच्याकडे या. काकांकडे ठेवीची पावती नव्हतीच. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर एका भागीदारी संस्थेला दिलेले "हातउसने" असे लिहिलेले होते. त्यांना वाटत होते की आपण ठेवीदार आहोत. कागदानुसार ते बिनतारण सावकार होते.

सराव

तुमच्याकडे बँकेबाहेर ठेवलेल्या पैशाची एक यादी करा. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: पैसे कोणाला दिले, कागदावर तुमचे नाते काय आहे, आणि ती संस्था बंद पडली तर तुमच्या आधी कोणाला पैसे मिळतील. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता आले नाही, तर त्याच नोंदीपासून चौकशी सुरू करा.

लक्षात ठेवा

वाढ उधारीची असू शकते. खटला जिंकूनही कंपनी बुडू शकते. कंपनी वाचूनही गुंतवणूकदार बुडू शकतो. आणि शस्त्रक्रियेसाठी, लग्नासाठी, शिक्षणासाठी ठेवलेला पैसा रांगेच्या शेवटी उभा करायचा नसतो.

एखाद्या ओळखीच्या संस्थेला मोठी रक्कम देण्यासाठी चेक लिहिलात, तर तो देण्याआधी एकदा शाखेत दाखवा. आता मी प्रत्येकाला विचारते, "हे पैसे कशासाठी ठेवले होते?" कोणाला ते आगाऊपणाचे वाटते, कोणी रागावते. काका मात्र रागावत नाहीत. परवा त्यांनी शेजारच्या एका बाईंना असेच एक पत्रक घेऊन माझ्याकडे पाठवले आणि निरोप दिला, "आधी हिला नंबर विचारायला सांग."